दिवा लागतो, चित्र दिसत नाहीं



दूरचित्रवाणीच्या बिघाडाविषयीं नभोवाणीवरून बोलावयाचें, म्हणजे शेजाऱ्याच्या घरगुती भांडणांत लक्ष घालण्यासारखें आहे, असें कोणास वाटल्यास नवल नाहीं. परंतु ज्या बिघाडाविषयीं मी आज बोलणार आहें, त्याची परीक्षा करतांना डोळ्यांइतकाच कानांचाहि उपयोग होतो. आणि नुसत्या कानांवर भिस्त ठेवून तासन् तास बसणारा वर्ग नभोवाणीच्या श्रोत्यांखेरीज दुसरा कोठें मिळणार?

बिघाड सर्वांच्या परिचयाचा आहे. संध्याकाळीं घरांतील कोणी तरी रिमोटचें बटण दाबतो. संचाच्या खालच्या कडेवरचा बारीक तांबडा दिवा रंग पालटतो, अथवा एकदां मिचकावून विझतो. म्हणजे संच जागा झाला. पण पडदा काळाच्या काळा. कधीं आवाज येतो, कधीं तोहि येत नाहीं. मग घरांतील प्रत्येक जण आपापल्या स्वभावाप्रमाणें वागूं लागतो. मुलें रिमोटचीं सारीं बटणें एकामागून एक दाबतात, गृहिणी "तरी मी म्हणत होतें" येथून आरंभ करते, आणि वडील मंडळी उठून संचाच्या पाठीवर थाप मारतात.

ही थाप मारण्याची विद्या जुन्या संचांबरोबर आली आणि त्यांच्याबरोबरच ती जावयास हवी होती. त्या काळचा संच म्हणजे एक मोठी पेटी. आंत कांचेची जड नळी आणि तिच्या मागें झाळलेले शेंकडों सांधे. एखादा सांधा सैल झालेला असला तर थापेनें तो क्षणभर बसे आणि चित्र परत येई. आजच्या सपाट संचाचा पडदा म्हणजे एकमेकींवर चिकटविलेल्या दोन पातळ कांचा होत. थापेनें त्यांतील एखादी तडकली, कीं जो बिघाड थोडक्यांत निभावला असता तो नव्या संचाच्या किंमतीवर जातो. तेव्हां पहिली विनंती अशी, कीं हात खिशांत ठेवावे आणि कान उघडे ठेवावे.

"चित्र दिसत नाहीं" या एका तक्रारीखालीं आपण तीन अगदीं निराळे बिघाड एकत्र कोंबतों. एक, चित्र बाहेरून संचापर्यंत आलेंच नाहीं. दुसरा, चित्र आलें, पडद्यावर उमटलेंहि, परंतु त्यावर पाठीमागून पडावयाचा प्रकाश पडला नाहीं. आणि तिसरा, तें चित्र घडविणारें यंत्र किंवा ती कांचच निकामी झाली. यांपैकीं पहिल्याची दुरुस्ती बहुधा फुकट होते; दुसऱ्याची बेताच्या खर्चांत होते; तिसऱ्याची कधीं होते, आणि कधीं ती न करणेंच शहाणपणाचें असतें. ज्या घराला हे तीन वेगळे ओळखतां येत नाहींत, तें घर तिन्ही वेळां तिसऱ्याच्याच भावानें पैसे मोजण्याचा संभव असतो. माझ्या भाषणाचा सारा खटाटोप एवढ्यासाठींच आहे.

पहिला बिघाड ओळखण्यास एक बटण पुरतें. हल्लीं बहुतेक घरांत दोन रिमोट असतात. एक संचाचा आणि एक केबलच्या अथवा डिशच्या पेटीचा, ज्या पेटीला आपण सेट टॉप बॉक्स म्हणतों. यांतील संचाचा स्वतःचा रिमोट घ्यावा आणि "मेन्यू" किंवा "होम" असें लिहिलेलें बटण दाबावें. पडद्यावर अक्षरें, चौकटी, कांहींहि उमटलें, तर संच निरोगी आहे असें खुशाल समजावें. त्याचा प्रकाश ठीक, कांच ठीक, मेंदूहि ठीक. दोष बाहेर आहे. "नो सिग्नल" हीं अक्षरें पडद्यावर फिरतांना पाहून कित्येक लोक घाबरून कारागिराला बोलावतात. वास्तविक तीं अक्षरें म्हणजे संचानें स्वतःस दिलेलें आरोग्याचें प्रशस्तिपत्रक होय. मला दिसतें आहे, पण कोणी दाखवीत नाहीं, एवढाच त्यांचा अर्थ.

मग बाहेरचा शोध घ्यावा. सर्वांत अधिक वेळां सांपडणारें कारण सर्वांत क्षुल्लक असतें. संचाच्या पाठीमागें तीनचार दारें असतात, त्यांना एचडीएमआय एक, एचडीएमआय दोन, एव्ही अशीं नांवें असतात, आणि संच एका वेळीं एकाच दाराशीं उभा राहतो. सुटींत आलेल्या नातवानें खेळाचें यंत्र दुसऱ्या दाराला जोडलेलें असतें. नातू परत जातो, संच मात्र त्याच दारापाशीं त्याची वाट पाहत उभा राहतो. "सोर्स" अथवा "इनपुट" या बटणानें त्याला पुन्हां आपल्या दाराशीं आणावें. तेवढ्यानें भागलें नाहीं तर पेटीला वीज मिळते कीं नाहीं हें पाहावें, एचडीएमआयची केबल दोन्ही टोकांनीं काढून पुन्हां घट्ट बसवावी, दुसऱ्या दारांत घालून पाहावी, शेजाऱ्याची केबल मागून आणून पाहावी. महिन्याचे पैसे भरले आहेत कीं नाहींत, हेंहि एकदां आठवावें.

येथें थोडें मागें जाऊन सांगावेंसें वाटतें. मुंबईचें दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. आमच्या वऱ्हाडांत मात्र संच नजरेस पडूं लागले ते पुढच्या दशकांत. १९८७-८८ मध्यें रविवारीं सकाळीं रामायणाची मालिका लागे, तेव्हां एका संचापुढें सारा वाडा जमत असे. त्या वेळीं चित्र गेलें म्हणजे दोष बहुधा छपरावर असे. एक जण वर जाऊन अँटेना फिरवी, दुसरा खिडकींत उभा राहून ओरडे, "आलं, आलं... गेलं ना गा!" पडद्यावर मुंग्या धांवत. त्या मुंग्यांचा एक गुण होता. पडदा उजळलेला आहे आणि संच जिवंत आहे, एवढें त्या सांगत. आजचा पडदा नुसता काळा होतो आणि तो कां काळा आहे हें बोलत नाहीं. म्हणून आपणांस त्याला प्रश्न विचारून उत्तर काढावें लागतें.

त्या अँटेनेचें युग आतां संपलें आहे. केबलवरून येणारें प्रक्षेपण डिजिटल करण्याचें काम १ नोव्हेंबर २०१२ पासून महानगरांत सुरू झालें. दुसऱ्या टप्प्यांत नागपूर व पुणें धरून ३८ शहरें आलीं, आणि अकोला-अमरावतीचा क्रम त्यानंतर लागला. शेवटच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ रोजीं संपली. दूरदर्शनचे जमिनीवरून प्रक्षेपण करणारे जुने मनोरेहि, कांहीं मोजकीं ठिकाणें सोडल्यास, २०२२ पर्यंत बंद करण्यांत आले. तेव्हां माळ्यावरून जुना संच काढून त्याला छपरावरची जुनी तार जोडली व चित्र आलें नाहीं, तर संचाला दोष देऊं नये. त्याला पाठविणाराच कोणी उरला नाहीं.

ज्यांच्या छतावर डिशची तबकडी आहे त्यांनीं आकाशाचाहि थोडा विचार करावा. दूरदर्शनची "फ्री डिश" ही सेवा ज्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, तो विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर असल्यासारखा राहतो. अकोल्याहून पाहिलें तर आग्नेयेकडे. त्या लहरी इतक्या सूक्ष्म असतात कीं मुसळधार पावसाचे थेंब त्यांना शोषून टाकतात, आणि चित्राचे आधीं चौकोनी तुकडे होऊन मग तें नाहींसें होतें. पाऊस ओसरला कीं तें आपोआप परत येतें. दुसरी गोष्ट अधिक मौजेची आहे. वर्षांतून दोनदां, आपल्याकडे मार्चच्या पूर्वार्धांत आणि ऑक्टोबरच्या आरंभीं, कांहीं दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागून जातो. सूर्यापासूनहि रेडिओलहरी निघतच असतात. त्यांच्या कल्लोळांत उपग्रहाचा क्षीण स्वर बुडून जातो आणि भर स्वच्छ उन्हांत कांहीं मिनिटें चित्र जातें. दुसऱ्या दिवशीं जवळ जवळ त्याच वेळीं पुन्हां जातें. आकाश निरभ्र असतां रोज ठराविक वेळीं चित्र जातें, असें सांगत कोणी आलें, तर आधीं भिंतीवरचें कॅलेंडर पाहावें.

आतां दुसरा बिघाड. आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा हाच. मेन्यूचें बटण दाबलें, कांहींच उमटलें नाहीं. परंतु आवाज मात्र येतो आहे. वाहिनी बदलली कीं आवाजहि बदलतो, रिमोटनें तो लहानमोठा होतो. येथें एक सावधगिरी सांगतों. पेटीला निराळे कर्णे जोडलेले असतील तर आवाज संचांतून येत नसून पेटींतून येत असतो, म्हणून तो संचाच्याच कर्ण्यांतून येतो आहे याची खात्री करून घ्यावी. शिवाय कित्येक नव्या संचांत नुसतें ऐकण्यासाठीं पडदा बंद ठेवण्याची सोय असते, आणि ती चुकून लागलेली असूं शकते. रिमोटचें दुसरें एखादें बटण दाबतांच पडदा उजळतो. तेंहि नसेल, तर संचाचा मेंदू चालू आहे, चित्र तयार होत आहे, आणि तरीहि आपणांस तें दिसत नाहीं. हें कसें होतें?

कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान् पिढ्या करीत आले आहेत. या परंपरेंतील परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री हा किताब मिळाला. समोर पांढरा पडदा, पाठीमागें दिवा, आणि त्या दोहोंच्या मध्यें रंगविलेल्या चामड्याच्या बाहुल्या. आतां अशी कल्पना करा, कीं ऐन खेळांत दिवा विझला. कथेकरी बोलतोच आहे, बाहुल्याहि पडद्याआड नाचताहेत, परंतु प्रेक्षकांना अंधाराखेरीज कांहीं दिसत नाहीं. आपल्या भिंतीवरच्या सपाट संचांत हेंच घडतें. त्याच्या कांचेंत जें चित्र उमटतें, त्याला स्वतःचा प्रकाश नसतो. पाठीमागें बारीक दिव्यांच्या पट्ट्या असतात, त्यांना बॅकलाइट म्हणतात. आणि पुढें कांचेंत लक्षावधि सूक्ष्म झडपा असतात, ज्या तो प्रकाश कमीअधिक सोडतात. साध्या मध्यम प्रतीच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लक्ष ७३ हजार ६०० ठिपके असतात, आणि प्रत्येक ठिपक्याला तांबडी, हिरवी व निळी अशा तीन झडपा. या झडपा ज्या द्रवरूप स्फटिकांच्या बनतात, त्यांचा चमत्कारिक गुण फ्रीड्रिख रायनिट्झर नांवाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला १८८८ सालीं प्रथम आढळला. तो गाजरांतून काढलेल्या द्रव्यांचा अभ्यास करीत होता. पाठीमागच्या दिव्यांना जो निळा मूलप्रकाश लागतो, त्याच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. गाजरापासून नोबेलपर्यंतचा हा सारा संसार आपल्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो, आणि त्यांतील दिवे मात्र दिवाळीच्या माळेसारखे एकापुढें एक ओंवलेले असतात. माळेंतील एक दिवा गेला कीं सबंध माळ जाते. त्यांना वीज पुरविणाऱ्या भागाला हें कळतें आणि तो उरलेल्या पट्ट्याहि सावधगिरीनें बंद करतो. एका चिमुकल्या दिव्यापायीं सारा पडदा काळा होतो तो असा.

याची परीक्षा अगदीं सोपी आहे. रात्रीं खोलींतील सर्व दिवे मालवावे. संच चालू ठेवावा, आवाज येऊं द्यावा. मग टॉर्च, किंवा मोबाइलमधला दिवा, पडद्यापासून दोनचार बोटांवर तिरकस धरून सावकाश फिरवावा आणि तिरप्या नजरेनें पाहावें. उजेडाच्या त्या वर्तुळांत अंधुक चेहरे, अक्षरें, वाहिनीचें बोधचिन्ह हालतांना दिसलें, तर निदान झालें. कांच शाबूत आहे. दिवे गेले आहेत, किंवा त्यांना वीज देणारा भाग गेला आहे. ओएलईडी या महाग जातीच्या संचांना ही परीक्षा लागूं पडत नाहीं, कारण तेथें प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. परंतु मध्यम परिस्थितीच्या घरांत तसे संच थोडेच.

जठारपेठेंत आमच्या गल्लींत एक ऐंशीच्या घरांतल्या काकू एकट्या राहतात. मुलगा परगांवीं नोकरीला असतो. गेल्या उन्हाळ्यांत त्या सकाळींच दाराशीं आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या टीव्हींत माणसं बोलून राह्यली, पण दिसून नाहीं राह्यली." याहून अचूक निदान एखाद्या कारागिरानेंहि केलें नसतें. परंतु ज्या कारागिराला त्यांनीं आधीं बोलाविलें होतें, त्यानें पडदा पाहिला, "पॅनेल गेलं, आजी, नवाच घ्या" असें सांगितलें, आणि येण्याजाण्याचे पैसे घेऊन तो गेला. मुलानें फोनवरून नवा संच मागविण्याची तयारी चालविली होती. काकूंना मात्र तो खर्च मुलावर पडावा हें रुचत नव्हतें. म्हणून आठ दिवस त्या काळ्या पडद्यापुढें बसून मालिका नुसत्या ऐकत होत्या. रात्रीं मी टॉर्च घेऊन गेलों. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यांत एक कीर्तनकार बुवा हात वारे करीत उभे असलेले स्पष्ट दिसले. काकूंना दाखविले. त्या म्हणाल्या, "अगोबाई, हे तर आंतच आहेत!" दुसऱ्या दिवशीं निराळा कारागीर आला, त्याला मी एवढेंच सांगितलें, कीं आवाज आहे, टॉर्चनें चित्र दिसतें. त्यानें मान हालविली, संच दुकानांत नेला, दिव्यांच्या सर्व पट्ट्या बदलल्या आणि तिसऱ्या दिवशीं आणून लावला. खर्च नव्या संचाच्या किंमतीच्या सातव्या हिश्श्याहून कमी आला. पहिल्या कारागिरानें फसविलें असें मी म्हणत नाहीं. काळा पडदा पाहिला कीं कांच गेली, असें समजणारेहि या धंद्यांत आहेतच. परंतु काकूंजवळ सांगण्यासारखी एक खूण असती, तर ते आठ दिवस वांचले असते.

या बिघाडाच्या पूर्वखुणाहि असतात. पडद्यावर जागजागीं पांढरे गोल ठिपके उमटतात, कारण दिव्यांवरचीं लहान भिंगें निखळून पडलेलीं असतात. कधीं सारें चित्र निळसर दिसूं लागतें. कधीं संच लावतांच दोन क्षण पडदा उजळतो आणि लगेच काळा होतो, आवाज मात्र चालू राहतो. अशा वेळीं कारागिराला एक गोष्ट सांगावी, कीं एकच पट्टी न बदलतां सगळ्या बदल. कारण एका वयाचे दिवे एकामागून एकच जातात आणि उघडण्याची मजुरी दर वेळीं द्यावी लागते. आणि नव्या पट्ट्या बसल्यावर, किंवा संच नवा असतांनाच, मेन्यूमध्यें जाऊन बॅकलाइटचा आंकडा खालीं आणावा. दुकानांत झळाळी दिसावी म्हणून तो कित्येकदां शंभरावर ठेवलेला असतो. घरांत साठ पुष्कळ झाला.

तिसऱ्या बिघाडाविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण त्यांत गृहस्थानें करण्यासारखें फार नाहीं. तांबडा दिवा आहे, परंतु चित्र नाहीं, आवाज नाहीं, मेन्यू नाहीं, टॉर्चनेंहि कांहीं दिसत नाहीं. प्रथम प्लग भिंतींतून काढावा, संचावरचेंच बटण अर्धा मिनिट दाबून धरावें, पांचदहा मिनिटें थांबून पुन्हां लावावा. हल्लींचा संच हा एक लहानसा संगणकच असल्यामुळें तो कधीं कधीं नुसता अडकून बसतो आणि एवढ्या विश्रांतीनें ताळ्यावर येतो. न आल्यास कान लावावा. आंतून ठराविक अंतरानें टक् टक् असा आवाज येत असेल, तर वीजपुरवठ्याचा भाग सुरू होण्याचा प्रयत्न करून पुन्हां पुन्हां थांबतो आहे. तांबडा दिवा मिचकावत असेल, तर किती वेळां मिचकावून थांबतो हें मोजून कागदावर लिहावें. कित्येक कंपन्यांच्या संचांत ही संख्या म्हणजे बिघाडाचा सांकेतिक क्रमांक असतो. आणि पडदा उजळतो, परंतु अर्धा काळा राहतो, किंवा त्यावर उभ्या-आडव्या रेघा येतात, तर दोष कांचेचा अथवा तिला हुकूम देणाऱ्या पट्टिकेचा असतो. पट्टिका बदलतां येते. कांच गेली असल्यास तिची किंमत नव्या संचाच्या इतकी जवळ जाते, कीं तेथें जुन्या वस्तूचा मोह सोडावा.

आतां ज्या गोष्टीसाठीं मला विशेष आग्रह धरावयाचा आहे ती सांगतों. संचाची पाठ घरीं उघडूं नये. मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून हल्लीं तरुण मुलें पेंचकस घेऊन बसतात. घरांतील २३० व्होल्टची वीज संचांत शिरतांच तिचें सुमारें ३२५ व्होल्टच्या एकदिश प्रवाहांत रूपांतर होतें, आणि ती ज्या धारकांत, म्हणजे कपॅसिटरमध्यें, साठते, तेथून प्लग काढल्याबरोबर ती निघून जातेच असें नाहीं. जुन्या नळीच्या संचांत तर वीसपंचवीस हजार व्होल्टचा दाब असे, आणि नळी स्वतःच तो धरून ठेवी. माळ्यावरचा असा संच भंगारासाठीं फोडावयास मुलांना देणें हा गुन्हाच मानावा. त्या कांचेंत शिसेंहि असतें. २०२२ चे इ-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आले आहेत, आणि जुने संच अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यापर्यंत पोंचविण्याची जबाबदारी त्यांनीं उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हां निकामी संच हातगाडीवर न देतां कंपनीच्या केंद्रालाच तो कोठें द्यावयाचा हें विचारावें.

कारागिराशीं बोलतांना संकोच करूं नये. कोणता भाग गेला, त्याचें नांव काय, त्यावर हमी किती महिन्यांची, हें विचारावें. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा. याचा त्याला राग येत असेल तर तेंहि एक उत्तरच समजावें. संच हमीच्या मुदतींत असल्यास बाहेरच्या माणसाला हात लावूं देऊं नये. कंपनी दाद देत नसेल तर ग्राहकांसाठीं १९१५ हा राष्ट्रीय साहाय्य-क्रमांक आहे; आणि दुरुस्तीविषयींची माहिती ग्राहकाला मिळावी म्हणून केंद्र सरकारनें २४ डिसेंबर २०२२ रोजीं, राष्ट्रीय ग्राहकदिनीं, दुरुस्तीच्या हक्काचें एक संकेतस्थळहि उघडलें.

आमच्या वऱ्हाडांत या यंत्रांचे दोन शत्रु आहेत. एक उष्मा आणि दुसरा विजेचा लहरीपणा. २०२४ च्या मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदीचें कलम लावावें लागलें, हें आपणांस आठवत असेल. ज्या उन्हांत माणसांनीं एकत्र जमूं नये असें सरकार सांगतें, त्या उन्हांत तापणाऱ्या पश्चिमेकडच्या भिंतीवर आपण संच टांगतों, आणि वर त्याला लांकडी कपाटांत कोंडतों. आंतले दिवे व धारक उष्णतेनेंच लौकर म्हातारे होतात. संच शक्यतों आंतल्या भिंतीवर असावा आणि त्याच्या भोंवतीं चार बोटें मोकळी हवा असावी. दुसरें असें, कीं कूलरचा झोत थेट संचावर येऊं देऊं नये. ती ओली हवा आपल्याला सुखावते, पण धुळीबरोबर आंत शिरून ती बारीक जोडांना गंज चढविते. पाल हीहि हलकी गोष्ट समजूं नये. पाठीच्या उबेला ती आंत शिरते, दोन जोडांवर एकदम पाय ठेवते, आणि दोघांचाहि शेवट होतो.

विजेविषयीं एकच खूण लक्षांत ठेवा. आपल्या गल्लींत तीन फेज येतात आणि त्यांचा समतोल न्यूट्रल नांवाची तार राखते. वादळांत ती सैल झाली किंवा तुटली, कीं एखाद्या घरांत २३० च्या ठिकाणीं दाब ४०० च्या दिशेनें चढूं लागतो. दिवे एकाएकीं प्रखर होतात, पंखे जोरानें फिरूं लागतात. तसें दिसतांच विचार करीत न बसतां मुख्य स्विच बंद करावा आणि महावितरणला कळवावें. साधा एक्स्टेन्शन बोर्ड येथें कांहींएक रक्षण करीत नाहीं, त्याच्यावर कितीहि मोठें नांव छापलेलें असलें तरी.

माझी वेळ संपत आली आहे. मृगाचा पाऊस लागण्यापूर्वीं एकदां छतावर जाऊन तबकडीचे पेंच घट्ट करून घ्या. तेथून खालीं येणारी तार जेथें उन्हानें फुटली असेल, तेथें नुसती चिकटपट्टी न गुंडाळतां ती तार बदला. आणि विजा चमकूं लागल्या कीं नुसतें रिमोटनें संच मालवून झोपूं नका. भिंतींतला प्लग काढा आणि पेटीच्या पाठीमागची तबकडीची तारहि काढून ठेवा. तिकडून येणाऱ्या विजेला रिमोट कळत नाहीं.